मोबाईल जरा टाचेजवळ न्या

इन्सुलिनच्या सिरिंजा दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी आखलेली असते, केशरी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. आपल्याकडे दोन्ही ताकदींचं इन्सुलिन विकलं जातं आणि दोन्ही सिरिंजाही. घाईगर्दीत मेडिकलमधून आणलेली सिरिंज घरातल्या कुपीशी जुळेलच असं नाही. १०० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लावली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात ५० युनिट जातात. रात्री अर्धीच भाकरी खाल्लेल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाची साखर त्यानंतर पहाटेपर्यंत जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. जोडी उलटी जमली, तर २० ऐवजी जेमतेम ८ युनिट जातात आणि औषध चालू असूनही साखर का आटोक्यात येत नाही, हे कोणालाच उमगत नाही.

आता साध्या फोनवर विचारा, "इन्सुलिन दिलं का?" उत्तर येतं, "दिलं ना, वीस." विचारणारी प्रामाणिक, सांगणारीही प्रामाणिक, आणि चूक आहे तिथेच. व्हिडिओवर मात्र सिस्टर म्हणते, "ताई, सिरिंज भरून कॅमेऱ्यासमोर धरा. आता टोपण दाखवा. आता कुपीवरचं लेबल." अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. वयस्कर माणसांच्या घरच्या शुश्रूषेत व्हिडिओ भेटीचा उपयोग काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे. ई-संजीवनी या सरकारी सेवेची घरबसल्या ओपीडी १३ एप्रिल २०२० रोजी, पहिल्या लॉकडाऊनमध्ये सुरू झाली. तिथे रुग्ण तक्रार सांगतो, डॉक्टर चिठ्ठी देतात, भेट संपते. परिचारिकेची व्हिडिओ भेट वेगळ्या जातीची असते. तीच सिस्टर, तोच रुग्ण, आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी. आजार बहुधा जुनाच असतो: लकवा, मधुमेह, अशक्त झालेलं हृदय, दमा, विसराळूपणा, मोडलेलं खुब्याचं हाड. शोधायचा असतो तो बदल. परवा टाचेवर जो डाग होता तो आज मोठा दिसतोय का? काल ताटातलं संपवणारे आजोबा आज दोन घासांवर का थांबले? हे ओळखायला परवाची टाच आणि कालचं ताट पाहिलेलं असावं लागतं.

वसई-विरारमध्ये अशा भेटींची गरज किती आहे ते इथल्या घरांकडे पाहिलं की कळतं. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर वाढ थांबलेली नाही. नकाशावर हे एक शहर आहे, पण म्हातारपण इथे निदान तीन-चार तऱ्हांनी काढलं जातं. पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशीच्या पट्ट्यात केळीच्या वाड्या आणि ऐसपैस घरं आहेत. त्यातल्या कितीतरी घरांत आता दोनच माणसं राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढची. मुलं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, नाहीतर विरार लोकलच्या गर्दीत सकाळी सातला गेलेली आणि रात्री नऊला परतणारी. नालासोपारा आणि विरारच्या जुन्या वस्त्यांत लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती आहेत. चौथ्या मजल्यावरच्या लकवा झालेल्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली उतरवायचं आणि तसंच वर चढवायचं. शहराच्या हद्दीबाहेर, पण याच तालुक्यात, पूर्वेला महामार्गापलीकडे पारोळ, भाताणेकडचे आदिवासी पाडे. आणि अर्नाळा किल्ला हे तर बेटच, अख्खी ग्रामपंचायत पाण्यात. तिथे सिस्टर जायची तर होडीने.

या घरांत म्हाताऱ्या माणसाजवळ दिवसभर असतं कोण? सून, मुलगी, साठी ओलांडलेली बायको, किंवा ब्युरोतून आलेली मावशी. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी. नर्सिंगचा रीतसर कोर्स करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली सिस्टर घरी ठेवणं थोड्यांनाच परवडतं. ब्युरोच्या मावशीचं शिक्षण म्हणजे आधीच्या घरातल्या, आधीच्या पेशंटच्या उशाशी जे काही शिकायला मिळालं तेवढंच. अनेकजणी जीव ओतून करतात. पण पेशंटला कुशीवर वळवताना ओढायचं नाही, उचलायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं, आणि ओढल्याने कमरेखालची कातडी सोलवटते. व्हिडिओ भेटीची मला खरी आशा वाटते ती इथे. एक शिकलेली सिस्टर दिवसाकाठी एक-दोन लांबच्या घरांना पोचेल. पडद्यावरून ती त्याच दिवसात बऱ्याच अधिक घरांतल्या मावश्यांच्या, सुनांच्या हातांना वळण लावू शकते. व्हिडिओ भेटीत सिस्टर पेशंटला पाहते हे खरं, पण तिचं निम्मं लक्ष पेशंटशेजारच्या हातांकडे असायला हवं.

घरी जाणाऱ्या परिचारिकेचं काम सुरुवातीपासून असंच आहे. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी आपल्या पत्नीची अखेरच्या आजारात सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या नर्सला १८५९ मध्ये शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. शुश्रूषेबरोबर घरच्यांना शिकवणं हाही तिच्या कामाचा भाग होता. तिथपासून पडदा यायला जवळपास १४० वर्षं लागली. १९९६-९७ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रमेंटो शहरात कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने घरी शुश्रूषा घेणाऱ्या २१२ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांकडे परिचारिका जातच होत्या. एका गटाला जोडीला टेलिफोनच्या साध्या तारेवर चालणारं व्हिडिओ यंत्रही दिलं. शुश्रूषेचा दर्जा आणि रुग्णांचं समाधान दोन्हीकडे सारखंच राहिलं, आणि व्हिडिओ मिळालेल्यांचा घरच्या शुश्रूषेखेरीजचा उपचारांचा खर्च कमी झाला. त्या प्रयोगाचं नाव घेताना लोक एक गोष्ट विसरतात: यंत्र आलं म्हणून परिचारिकेचं घरी जाणं बंद झालं नव्हतं.

चांगली व्हिडिओ भेट कशी असते ते जरा सावकाश सांगायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी ती "आजी, कशा आहात? बऱ्या ना?" एवढ्यावर आटोपते.

पहिली भेट प्रत्यक्षच झाली पाहिजे. सिस्टरने घर पाहावं, पलंग कुठल्या भिंतीला आहे, उजेड कुठून येतो, मोरीचा उंबरा किती उंच आहे, रात्री संडासापर्यंत जायच्या वाटेवर पायपुसणं घसरतं का, हे बघावं. बीपीचं यंत्र, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, वजनकाटा यांची तिथेच परीक्षा घ्यावी. आजींना ऐकू किती येतं ते जोखावं. मग मोबाईल हातात न धरता स्टँडवर किंवा दोन डब्यांच्या आधाराने ठेवायला शिकवावं, म्हणजे मावशीचे दोन्ही हात मोकळे राहतील. खिडकी पेशंटच्या पाठीशी आली तर चेहरा काळा दिसतो. ती मोबाईलच्या मागे यायला हवी. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सिस्टरचे ओठ दिसले की निम्मं काम सोपं होतं. आणि ती त्यांच्या बोलीत बोलणारी असेल तर फारच बरं. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजी प्रमाण मराठीत "ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतात. दुखणं नेमकं कसं आहे ते घरच्या बोलीतच बाहेर येतं.

भेट सुरू झाल्यावर सिस्टर बोलत असते आणि मनात श्वास मोजत असते. पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की श्वास बदलतो. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. पंचविसाच्या आसपास गेला, तर म्हाताऱ्या माणसात ती ताप येण्याआधीची न्यूमोनियाची खूणही असू शकते. नेटवर्क अडखळत असेल तर चित्रावर भरवसा ठेवू नये; मावशीने पोटावर हात ठेवून मोजावं आणि सिस्टरने घड्याळ धरावं.

मग पाय. हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून काढायला सांगायचं. खळगा तसाच राहिला तर पाणी साठतंय. त्याहून लवकर बोलतो तो वजनकाटा: तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं, तर सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्यायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. सिस्टरला ते कॅलेंडर कॅमेऱ्यात दाखवलं की महिन्याचा चढउतार एका नजरेत येतो. यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

बीपी घेताना ती फक्त आकडा विचारत नाही, घ्यायची रीत बघते. पाच मिनिटं शांत बसलेत का, पाठ टेकलेली आहे का, पाय जमिनीवर आहेत का, पट्टा बांधलेला दंड छातीच्या पातळीला आहे का, मध्येच कोणी गप्पा मारतंय का. यातलं काही चुकलं तर आकडा बहुधा फुगतो आणि त्या आकड्यावर गोळी वाढवली तर आजी उठताना चक्कर येऊन पडतात. पडण्याने खुबा मोडतो. घरच्या शुश्रूषेतले मोठे अपघात अशा छोट्या बिनचूक दिसणाऱ्या आकड्यांपासून सुरू होतात.

गोळ्यांची पिशवी पलंगावर रिकामी करायला लावणं हा माझ्या मते व्हिडिओ भेटीतला सगळ्यात कामाचा भाग. हृदयाच्या डॉक्टरांची गोळी, मधुमेहाच्या डॉक्टरांची गोळी, शेजारच्यांनी दिलेली गुडघ्याची गोळी, दोन वर्षांपूर्वीची झोपेची पट्टी. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घेतलं जाताना अनेकदा सापडतं. स्ट्रिपवरची बारीक अक्षरं कॅमेऱ्यासमोर धरली की सिस्टर ती वाचून डॉक्टरांपुढे यादी ठेवू शकते.

आणि टाच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होतात ते हाड कातडीच्या जवळ असतं तिथे: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे. पुस्तकात लिहिलेलं असतं की आधी लाली येते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही, आणि मोबाईलच्या पिवळ्या उजेडात तर नाहीच. दिसतो तो आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट झालेला पट्टा. म्हणून सिस्टर म्हणते, "मोबाईल जरा टाचेजवळ न्या. आता हाताच्या मागच्या बाजूने त्या जागेला हात लावा. दुसऱ्या टाचेपेक्षा गरम लागते का? कडक लागते?" इथे डोळे सिस्टरचे आणि स्पर्श मावशीचा. दोन्ही जुळले तर जखम उघडायच्या आत टाच उशीवरून अधांतरी ठेवता येते, कूस दर दोन तासांनी बदलायचं वेळापत्रक लावता येतं. जखम उघडलीच असेल तर शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, दर वेळी त्याच अंतरावरून फोटो घ्यायचा, म्हणजे ती भरतेय की पसरतेय हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

पण जखमेचा वास पडद्यातून येत नाही. अनुभवी सिस्टर खोलीत पाऊल ठेवताच वासावरून सांगते की जखमेत पू धरतोय, लघवीत जंतू झालेत, डायपर वेळेवर बदलला जात नाही. अंगाची शुष्कता, पोटाचा ताठरपणा, पायाचा थंडपणा यांपैकी काहीच कॅमेऱ्याला कळत नाही. कॅथेटर बदलणं, नाकातली नळी घालणं, खोल जखमेतलं मेलेलं मांस काढणं यांना प्रत्यक्ष हातच लागतात. नळी निसटली असताना व्हिडिओवर बघून घरच्यांकडून ती पुन्हा घालून घेणं धोक्याचं आहे, कारण ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. ऑक्सिमीटरच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बोटं गार असतील तर तो चुकतो, आणि गडद कातडीच्या माणसांत तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून पुढे आलं.

सर्वांत फसवं असतं ते गप्प पडून राहणं. नेहमी बडबडणाऱ्या आजी दोन दिवस नुसत्या झोपून आहेत, हाक मारली की "हं" म्हणतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, आराम करतायत. पडद्यावर तर हा पेशंट अगदी शहाणा दिसतो. प्रत्यक्षात लघवीतला संसर्ग, शरीरातलं सोडियम कमी होणं किंवा नव्या गोळीचा परिणाम यांमुळे मेंदू मंदावलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक भेटीत पेशंटने स्वतः काही बोललं पाहिजे: आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, खिडकीत कोण दिसतंय. ही उत्तरं मावशीने दिली तर ती भेट झालीच नाही असं समजावं.

यंत्राने माणसं वाचतात की यंत्रामागच्या माणसाने, यावर हृदयविकाराच्या रुग्णांवरचे दोन अभ्यास बोलके आहेत. ते परिचारिकेच्या व्हिडिओ भेटीचे नव्हेत, घरून रोजची माहिती पाठवण्याचे आहेत, पण धडा इथेही लागू पडतो. अमेरिकेत १,६५३ रुग्णांना रोज एका स्वयंचलित फोनवर आपली लक्षणं आणि वजन कळवायला सांगितलं होतं. २०१० मध्ये निष्कर्ष आला: रुग्णालयात पुन्हा भरती होणं किंवा मृत्यू, कशातही फरक पडला नाही. जर्मनीत १,५७१ रुग्णांचं वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज एका केंद्राकडे जात होतं. तिथे डॉक्टर आणि हृदयविकाराच्या प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास हजर होत्या आणि आकडा बिघडला की स्वतः फोन करत होत्या. २०१८ च्या निष्कर्षात, नेहमीच्या उपचारांवर असलेल्या दर १०० रुग्णांमागे वर्षाला साधारण ११ मृत्यू होत होते, तिथे या गटात ८ झाले. वसईत उद्या कोणी "वृद्धांसाठी रिमोट मॉनिटरिंग" विकायला आलं, तर कुटुंबाने पहिला प्रश्न हाच विचारावा: रात्री दोन वाजता आकडा बिघडला तर फोन कोण उचलणार, आणि घरी कोण येणार?

परदेशातल्या मुलांबद्दलही बोललं पाहिजे. कुवेतमधला मुलगा अडीच तास मागे असतो, टोरांटोची मुलगी साडेनऊ-साडेदहा तास. व्हिडिओ भेटीत त्यांना जोडून घेता येतं, ही या सोयीची मोठी देणगी. पण लांबून वाटणारी काळजी आणि मनातली टोचणी यांतून मग ही मुलं सिस्टरवर, मावशीवर प्रश्नांचा भडिमार करतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते वडील कडेला पडून ऐकत राहतात. आधी पेशंट आणि सिस्टर, मग शेवटची पाच मिनिटं मुलांसाठी, असा नियम घातला तर सगळ्यांचंच भलं होतं. आंघोळ, डायपर, कमरेखालची जखम दाखवताना तर मुलांना पडद्यावर ठेवूच नये. म्हाताऱ्या बाईलाही लाज असते. ती बोलत नाही म्हणून तिची लाज संपत नाही. फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये राहणार, किती दिवस, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार का, हे तिला विचारून ठरवायला हवं. आणि कधीतरी मावशीला पाणी आणायला पाठवून, सिस्टरने "हो-नाही"त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा: "जेवायला वेळेवर मिळतं ना? कोणी रागावतं का?" उत्तर चिंताजनक आलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदाही आहे.

कायद्याची चौकटही साधारण माहीत असावी. २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. पडद्यावरून औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना मिळतो, तोही मर्यादेत. काही औषधं पहिल्या वेळी फक्त व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतात, तर नशा आणणाऱ्या नियंत्रित औषधांना मनाई आहे. आरोग्य कर्मचारी रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी जोडून देऊ शकतो, पण त्यासाठी रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. व्हिडिओवरच्या सिस्टरने इन्सुलिनचे युनिट स्वतःच्या अंदाजाने वाढवणं यात बसत नाही. तिने पाहायचं, नोंदवायचं, शिकवायचं आणि डॉक्टरांना वेळेत गाठायचं.

आता पावसाळा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, वस्त्या पाण्यात अडकल्या. इथल्या माणसाला ते दिवस आठवायला लावावे लागत नाहीत. वीज गेली की आधी वाय-फाय जातं, मग हवेच्या गादीचा पंप थांबतो, मग मोबाईल. नेमकं तेव्हाच सिस्टर येऊ शकत नसते. म्हणून जूनच्या आधी एक भेट फक्त तयारीसाठी ठेवावी: पंधरा दिवसांची औषधं, ड्रेसिंगचं सामान, चार्ज केलेली पॉवर बँक, गादीचा पंप थांबला तर कूस बदलायच्या वेळा, आणि नेट नसलं तरी लागेल असा साधा फोन नंबर. १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची कारणंही त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत हवीत: तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत कळ आली, श्वास लागला, हाकेला ओ येईना. यातल्या कशासाठीही व्हिडिओ कॉल लावण्यात वेळ घालवायचा नाही.

हे सगळं ज्याची ऐपत आहे त्याच्यापुरतं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. सत्तरीपुढच्या सर्वांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं आहे. घरच्या पलंगावरच्या महिन्यांना त्यातून काही मिळत नाही. सरकारी यंत्रणेत मात्र जोडकामाचा नमुना तयार आहे. ई-संजीवनीच्या दुसऱ्या शाखेत आरोग्य केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो आणि दूरच्या डॉक्टरांशी त्याला जोडून देतो. तोच नमुना केंद्रातून उचलून घरात न्यायचा आहे. आशाताईला आपल्या वस्तीत कोण अंथरुणाला खिळलंय ते नावानिशी माहीत असतं. तिच्या हाती चांगला फोन, बीपीचं यंत्र आणि वजनकाटा द्यावा, या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, आणि पडद्यापलीकडे तालुक्याची एक अनुभवी सिस्टर ठरलेल्या दिवशी बसवावी. सुरुवात अर्नाळा किल्ल्यापासून करता येईल. गाव लहान, घरं एकमेकांच्या ओळखीची, आणि तिथल्या आशाताईला होडीची वाट बघावी लागत नाही. महिन्यातून एकदा सिस्टरने स्वतः पलीकडे जावं, कॅथेटर बदलावेत, काटे नीट वजन दाखवतात का ते तपासावं आणि पुढच्या महिन्याची पडद्यावरची यादी घरोघर बसून ठरवावी.